परवडणारे पिस्तूल

दिवाळीच्या बाजारात पिस्तूल कसे पारखावे हे मला वयाच्या आठव्या वर्षीच उमगले होते. पत्र्याचे पिस्तूल हातात घ्यायचे, टिकल्यांची गुंडाळी आत बसवायची आणि दुकानदाराची नजर चुकवून चाप ओढायचा. दहापैकी दहा टिकल्या वाजल्या तर माल चोख. दोन फुसक्या गेल्या तर पुढचे दुकान गाठायचे. रंग, आकार, मुठीवरचे वाघाचे चित्र या साऱ्या गोष्टी दुय्यम. चाप ओढला की वाजले पाहिजे, एवढी एकच कसोटी. तीवर उतरलेले एक पिस्तूल मी तीन दिवाळ्या वापरले, आणि त्यानंतर पिस्तूल या वस्तूशी माझा संबंध कायमचा संपला, अशी माझी समजूत होती.

ती समजूत यंदा मोडली. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. हमरस्त्याच्या कडेला त्याचे लहानसे दुकान आहे. दूध, पाव, शीतपेये, सिगारेटी, असला किरकोळ माल. रात्री अकरापर्यंत गल्ल्यावर तो एकटाच बसतो. भाद्रपदात मोबाईलवर त्याचे लांबलचक पत्र आले. शेजारच्या दुकानावर दरोडा पडला होता. मालक जिवानिशी वाचला, पण हात मोडला. तेव्हा एखादे पिस्तूल जवळ असावे असे त्याच्या मनाने घेतले होते. नावाजलेल्या कंपनीचे घ्यावे तर पाचशे-सहाशे डॉलर पडतात. तुर्कस्तानातून येणारे, दिसायला तसेच, चारशेच्या आत मिळते. 'गुरुजी, स्वस्ताच्या पायी फसायला तर होणार नाही ना? तुम्हांला काय वाटते, घ्यावे की न घ्यावे?'

खडू फेकून मारण्यापलीकडे ज्याची नेमबाजी कधी गेली नाही, त्या माणसाला हा प्रश्न! पण विद्यार्थ्याने शंका विचारली की 'मला ठाऊक नाही' म्हणायचे नाही, वेळ मागून घ्यायचा आणि रात्री पुस्तक उघडायचे, ही मास्तरांची जुनी खोड आहे. तीप्रमाणे मी पंधरा दिवस मिळेल ते वाचले.

वाचले तेव्हा कळले की, पोराची निवड काही मूर्खपणाची नव्हती. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर सामसुन, गिरेसुन, त्राब्झोन अशी गावे आहेत. त्या पट्ट्यात बंदुका घडवण्याची कारागिरी जुनी. आज तेथे आधुनिक कारखाने आहेत आणि त्यांची पिस्तुले अमेरिकेच्या बाजारात खपतात. ती पारखण्याची रीतही मी वाचली. दोन-चारशे काडतुसे झाडून पाहावीत; एकही अडकता कामा नये. पोकळ टोकाच्या गोळ्या नळीत नीट सरकल्या पाहिजेत. हातातून पडले तर आपोआप सुटता कामा नये. जादा मॅगझिने आणि स्प्रिंगा सहज मिळाव्यात. महाग ते निर्धोक असाही भरवसा नाही. एका नामांकित पिस्तुलाची गोळी, ते विशिष्ट कोनात पडल्यास सुटू शकते, असे २०१७ साली आढळले आणि ती सुधारून देण्याची पाळी कंपनीवर आली. थोडक्यात सांगायचे तर, कसोटी माझ्या लहानपणीचीच होती. चाप ओढला की वाजले पाहिजे आणि ओढला नाही तर वाजता कामा नये. या कसोटीवर चारशेच्या आतले ते पिस्तूल बहुधा उतरले असते.

मग उत्तर लिहायला हात का धजेना?

स्वस्त परदेशी पिस्तुलाचा प्रश्न अमेरिकेला नवा नाही. तेथे १९६८ साली एक कायदा झाला आणि परदेशी पिस्तुलांना गुण द्यायची पद्धत सुरू झाली. अगदी आमच्या परीक्षेसारखी! लांबीला इतके, वजनाला इतके, सुरक्षिततेच्या खटक्याला इतके. पंचाहत्तर गुण मिळाले तर आत, नाहीतर बंदरातूनच परत. उद्देश असा की, खिशात मावणारी हलकी, स्वस्त शस्त्रे देशात येऊ नयेत. पण व्यापारी परीक्षकापेक्षा हुशार असतो. आख्खे पिस्तूल येत नाही तर सुटे भाग आणावेत आणि ते देशातच जोडावेत! एका जर्मन कंपनीने मायामी शहरात हेच केले. तसले एक रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून एका तरुणाने सत्तेचाळीस डॉलरना घेतले आणि ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर झाडले. रेगन वाचले. त्यांचे प्रसिद्धिसचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी शिरली. ते जन्माचे अपंग झाले आणि २०१४ साली वारले.

सत्तेचाळीस डॉलर! घेणाऱ्याला ते रिव्हॉल्व्हर फार परवडले. आपल्या भाषेतला हा 'परवडणे' शब्द मोठा फसवा आहे. कुणाला परवडले, हे तो सांगतच नाही. भाजी महाग पडली तर भुर्दंड घेणाऱ्याला बसतो. पिस्तूल ही अशी चीज आहे की तिची अर्धी किंमत दुकानात चुकती होते. उरलेली चुकवावी लागलीच तर पुष्कळदा भलत्याच माणसाला चुकवावी लागते.

ब्रेडी यांच्या नावाने १९९३ साली एक कायदा झाला. पिस्तूल मागितले की लगेच द्यायचे नाही, पाच दिवस थांबायचे, असे त्यात होते. १९९८ साली गिऱ्हाइकाची माहिती यंत्रावर क्षणात तपासायची सोय झाली आणि केंद्राच्या कायद्यातले ते पाच दिवस गेले. कॅलिफोर्नियात अजून दहा दिवस थांबावे लागते. माझा विद्यार्थी राहतो त्या टेक्सासात थांबावे लागत नाही.

हे वाचताना मला कळले की, माझे घोडे नेमके येथेच अडले होते. पत्रात दरोड्याच्या मजकुराखाली त्याने सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. 'धंद्यात राम नाही. रात्री दुकान बंद केले की तासतासभर गाडीत नुसता बसून असतो. घरी जावेसेच वाटत नाही.' त्या ओळी दुसऱ्या कुणी वाचल्या असत्या तर सोडून दिल्या असत्या. मला त्या सोडता येईनात.

हा मुलगा सातवीत असताना वर्गाच्या सहलीचे पैसे हरवले होते आणि आळ त्याच्यावर आला होता. भर वर्गात त्याचे दप्तर उपडे केले गेले. ते करणारा मीच. पैसे पुढे दुसरीकडेच सापडले. त्या रात्री मुलगा घरी आला नाही म्हणून त्याचे वडील माझ्या दारी आले. मी विजेरी घेऊन निघालो. शाळेपलीकडे जुनी विहीर आहे. तिच्या काठावर तो पाय आत सोडून बसलेला दिसला. मी काही न बोलता शेजारी जाऊन बसलो. बोलायला मला तोंडच नव्हते. खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या दोघांनी खाल्ल्या. पुष्कळ वेळाने 'थंडी वाजते' म्हणाला आणि उठला. संध्याकाळपासून तो तेथे बसला होता, हे त्याने वाटेत सांगितले. पाच तास! विहिरीने त्याला पाच तास दिले, आणि तेवढ्यात मला पोचता आले.

पिस्तूल पाच तास देत नाही. ते जितके उत्तम तितका कमी वेळ देते. कारखान्यातले सारे कारागीर, सारी यंत्रे याच कामी राबतात, की मनात येणे आणि घडणे यांत अंतर म्हणून राहू नये. आणि माणसाचे शहाणपण, त्याची दया, त्याचा पश्चात्ताप ही सारी त्या अंतरातच नांदतात. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीने अठ्ठेचाळीस हजारांवर माणसे मेली. त्यांतल्या सत्तावीस हजारांनी ती स्वतःवरच चालवली होती. मरणाच्या दारातून परत आलेले बहुतेक लोक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पण परत यायला वाट तर उरली पाहिजे!

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभीच एक कोडे आहे. मित्राने शहाणा असताना आपले शस्त्र तुमच्यापाशी ठेवले आणि भ्रमिष्ट झाल्यावर परत मागितले, तर द्यावे काय? देऊ नये, हे सर्वांनाच पटते. पण शस्त्र ठेवणारा आणि मागणारा हे दोघेही मीच असलो तर? आज शहाणेपणी घेतलेले पिस्तूल पुढे एखाद्या काळ्या रात्री मीच स्वतःकडे मागितले, तर नाही म्हणायला घरात कोण आहे?

याला उत्तर नाही असे नाही. थांबायला लावल्याने सगळेच टळते असे मी म्हणत नाही. गांधीजींच्या जिवावरचा २० जानेवारी १९४८ चा कट फसला. ती माणसे ग्वाल्हेरला गेली, तेथून एक इटालियन पिस्तूल मिळवले आणि ३० तारखेला ते बिनचूक चालले. मध्ये दहा दिवस होते. ज्याचे मन गोठून गेले आहे त्याला दहा दिवस काय आणि दहा वर्षे काय! आणि दुसरे असे की, मी येथे पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर सुखाने निजतो. तेथे रात्री अकराला गल्ल्यावर एकट्याने बसणाऱ्याला शांतीचा उपदेश करणे मला फार सोपे आहे. त्याची भीती खोटी नाही. आपले रक्षण करण्याचा त्याचा हक्कही खोटा नाही.

पण माझी आई विळीचे काम संपले की ती आडवी करून ठेवी. घाईत असली तरी ठेवी. विळी चांगली धारेची होती म्हणूनच. घरात मूल आहे, अंधारात कुणाचा पाय पडेल, एवढाच तिचा विचार. माझ्या विद्यार्थ्याला पाच वर्षांची मुलगी आहे. पिस्तूल कुलपात ठेवावे तर चोर आल्यावर कुलूप उघडीपर्यंत उपयोग संपला. उशाशी ठेवावे तर मुलीचा हात पोचतो. चोरासाठी जो गुण, तोच मुलीसाठी अवगुण. ही अडचण चारशेच्या पिस्तुलातही आहे आणि सहाशेच्याही.

शेवटी मी लिहिले: 'तुर्की पिस्तूल बहुधा चांगले असेल. चांगले आहे म्हणूनच म्हणतो, एक महिना थांब. तेवढ्यात गल्ल्यापुढे जाड काच बसव, रात्री नऊला दुकान बंद करून पाहा. आणि गाडीत बसून राहतोस ते बायकोला सांग, डॉक्टरलाही सांग. महिन्याने पुन्हा विचार. मी हो म्हणेन की नाही, ते तेव्हा बघू. तोवर रोज दुकान बंद केलेस की मला फोन कर. इकडे तेव्हा सकाळ असते. मी चहा घेत असतो.' आणि खाली, वीस वर्षे राहून गेलेले एक वाक्य लिहिले: 'तुझे दप्तर मी उपडे करायला नको होते.'

तेव्हापासून तो रोज फोन करतो. बोलणे विशेष काही नसते. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, मुलीची शाळा. बायकोला सांगितले, एवढे त्याने एकदा मोघम सांगितले. परवा त्याने मध्येच विचारले, 'गुरुजी, ती विहीर अजून आहे काय?' म्हटले, 'आहे. पाणीही आहे. काठ मात्र हातभर उंच बांधून घेतला आहे.'

पिस्तुलाविषयी तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही. दिवाळी होऊन जाऊ दे, मग विचारीन.