शिलोहाचा बुरूज आणि ब्रॉड स्ट्रीटची विहीर

पटकीने कोणी मेला म्हणजे "ह्या घराकडून काय पाप घडले?" असे पुसणारे लोक मंडळीतही आढळतात. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी होते, ही समजूत प्रभूने स्पष्ट नाकारिली (लूक, अध्याय १३). तरी ती आपल्या मनांतून जात नाही.

इ. स. १८५४ च्या आगस्ट अखेरीस लंडन शहराच्या सोहो नामक दाट वस्तीत पटकी उसळली. दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे मेली. विद्वान लोक दुर्गंधीस दोष देत. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी मृतांचा माग काढिला, तो बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी पिणारे निघाले. ते पाणी तर स्वच्छ व रुचकर म्हणून नावाजलेले! जवळच्या दरिद्री-आश्रमात ५३५ निराधार होते. त्यांतले अवघे ५ मेले, कारण आश्रमाची विहीर निराळी होती. बियरच्या कारखान्यातील सत्तरांवर मजुरांपैकी एकही दगावला नाही. ह्यात मद्याची स्तुती कोणी शोधू नये; त्या कारखान्यासही स्वतःची विहीर होती.

तेथील तरुण साहाय्यक पाळक हेन्री व्हाइटहेड ह्यांस स्नोंचे मत प्रथम पटले नाही. ते खोडून काढावे म्हणून ते घरोघर पुनःपुन्हा गेले, आणि त्यांच्याच शोधाने ते मत सिद्ध झाले. उपदेशक बंधूंनो, हे ध्यानात घ्या: त्यांनी शोकाकुल घरांत पापाची चौकशी केली नाही, तर पाणी कोठून आणिले हे विचारिले. घरच्या माणसासारखा मानलेला पाळक होता, म्हणून लोकांनी सांगितले.

अखेर ४० क्रमांकाच्या घरी उलगडा झाला. तेथे एक तान्हे मूल हगवणीने मेले होते. आईने त्याची लडबडलेली दुपटी धुऊन पाणी घरापुढील शौचकूपात ओतिले होते. कूपाच्या विटा कुजलेल्या, आणि विहीर तीन फुटांच्या आत! त्या मातेस कोण अपराधी म्हणेल? लेकराची सेवा करिताना तिला हे कसे कळावे?

पंपाचा दांडा ८ सप्टेंबर रोजी काढिला गेला, तेव्हा साथ ओसरतच होती. म्हणून कित्येकांनी त्या कृत्यास व्यर्थ म्हटले. परंतु त्याच दिवशी त्या मुलाचा बाप पटकीने अंथरुणास खिळला होता, आणि त्याचेही घाण पाणी त्याच कूपात जात होते.