पस्तीस सेकंद



विमानाने धावपट्टी सोडली आणि लगेच इंजिन बंद पडले, तर काय करावे? आपल्यापैकी कोणीही म्हणेल, ‘मागे फिरावे, धावपट्टी तर पाठीशीच आहे.’ पण वळण्यासाठी विमान तिरके झाले की त्याची उंची झपाट्याने घटते आणि वेग कमी पडला तर ते कोसळते. म्हणून एका इंजिनाच्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला शिकवतात की, पुरेशी उंची नसेल तर समोरच जागा शोधावी. विमान मोडले तरी चालेल, माणसे वाचली पाहिजेत.

15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून 155 जणांना घेऊन एक मोठे विमान उडाले. सुमारे 2,800 फुटांवर रानहंसांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी प्रथम ‘मागे वळतो’ असेच कळवले. मग उंचीचा अंदाज घेऊन त्यांनी विमान हडसन नदीत उतरवले. सगळे वाचले.

पुढे चौकशी झाली. वैमानिकांनी सिम्युलेटरवर तोच प्रसंग पुन्हा उभा केला. पक्षी धडकताच क्षणात वळवलेली काही विमाने धावपट्टीवर पोहोचली. मग कॅप्टन चुकले का? काय झाले हे उमगायला आणि काय करायचे हे ठरवायला माणसाला वेळ लागतो. त्यासाठी 35 सेकंद धरून पाहिले, तेव्हा विमान पोहोचू शकले नाही. 2010 च्या अहवालाने नदीचा निर्णय योग्य ठरवला.

दुसऱ्याचा न्याय करताना आपण त्याला हे 35 सेकंद देतो का? अंत्यविधीहून परततानाच कुजबुज सुरू होते, ‘आधीच मोठ्या इस्पितळात हलवायला हवे होते.’ बोलणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. मध्यरात्री रिक्षा शोधत धावणाऱ्या मुलाला तो ठाऊक नव्हता.

मग सगळ्याच चुका माफ का? तसे नाही. ॲरिस्टॉटलच्या मते व्यवहारातले शहाणपण अनुभवाने येते. कॅप्टनपाशी 19 हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. त्या क्षणाची तयारी अशी आधीच झालेली असते. तेव्हा एखाद्याने तयारीत हयगय केली का, समोर दिसत असूनही डोळेझाक केली का, हे जरूर विचारावे. मात्र जे त्याला त्या घडीला कळणेच शक्य नव्हते, त्याचा दोष त्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

त्या मुलाला हा दोष आयुष्यभर वाहावा लागतो. म्हणून बोलण्यापूर्वी आपणही 35 सेकंद थांबू या.