दोन दारांचें मंदिर
(वाचा: उत्पत्ति २८:१०-२२, १ पेत्र २:४-५)

येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येडेश्वरीचे भक्त रानांत चुनखडीचे खडे वेचतात, हें त्या बाजूच्या वाचकांनीं पाहिलेंच असेल. एकेकाचा खडा लहान, पण पाहतां पाहतां ढीग उभा राहतो; आणि ढिगांत पडलेला खडा कोणत्या वाड्यांतल्या हाताचा, हें मग ओळखूं येत नाहीं. त्यांच्या पूजेंत आम्ही भागी नाहीं. तथापि तो ढीग पाहून आम्हांस पेत्रानें सांगितलेले जिवंत धोंडे आठवतात, व लाजहि वाटते.

जालन्याकडे पाहा. येरमाळ्याप्रमाणें तेंहि पूर्वीं निजामाच्या राज्यांत होतें. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्मानें ब्राह्मण; १८४३ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला व १८५४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचें गांव वसविलें, तेथें मंदिर व शाळा बांधिली, आणि गांवास बेथेल, म्हणजे देवाचें घर, हें नांव दिलें. घरदार सोडून पळालेल्या याकोबानें उशाच्या एका धोंड्याजवळ उच्चारलेलें हें नांव! तें या गांवास शोभलें. कारण जालन्याकडील मंडळींत पुष्कळ जण मांग बंधु होते, ज्यांस गांवच्या देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. शेषाद्री १८९१ सालीं वारले.

आपल्या मंदिरांची बांधणी साधी असते, पण ती कांहीं बोलते. गाभारा नाहीं. दारांत उभें राहिलें कीं प्रभुभोजनाचें मेज थेट दिसतें. व्यासपीठ उंच असतें तें शब्द मागल्या म्हातारीपर्यंत पोंचावा म्हणून, पाळकाच्या मोठेपणासाठीं नव्हे.

असें असतां एका मंडळीनें (नांव सांगत नाहीं) नव्या मंदिराचा नकाशा आम्हांस दाखविला, त्यांत दोन दारें! एक पूर्वींच्या महारवाड्याकडे, दुसरें मांगवाड्याकडे. मध्यें कमरेइतकी भिंत. वडील म्हणाले, "पाळकसाहेब, येण्याजाण्यास सोयीचें पडतें."

आम्हीं विचारलें, "प्रभूचा प्याला कोणत्या दारानें आणावयाचा?"

कोणी बोललें नाहीं. एका उपदेशकानें मात्र मान खालीं घातली. वर्गणी गोळा करतांना दोन वह्या त्यानेंच ठेविल्या होत्या.

नकाशा त्यांनीं परत नेला आहे. पाया अजून खणलेला नाहीं. भिंत पुसून ते तो पुन्हां आणतील, त्या दिवशीं पहिला धोंडा डोक्यावर घेऊन आम्ही त्यांच्या गांवीं जाऊं.