कर्बाचें नवेंजुनें

सातारा-सांगलीकडे कृष्णाकांठचा ऊस पाहतांना सहसा ध्यानांत येत नाहीं कीं, त्याच्या साखरेंतला सारा कर्ब हवेंतून आलेला असतो. कर्बद्विप्राणिद वायु, ज्यास शाळेंतलीं मुलेंहि कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो उसाचें पान शोषून घेतें आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर करतें. हीच विद्या मनुष्य आतां यंत्रानें साधूं पाहत आहे. आइसलंडांत २०१२ च्या सुमारास या वायूपासून मेथॅनॉल करणारा कारखाना सुरू झाला. आमच्याकडील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतहि हा वायु जवळजवळ शुद्ध मिळतो. द्राक्षशर्करेचे १८० भाग आंबले म्हणजे मद्यार्काचे ९२ व त्याचे ८८ भाग होतात. तो उसानें हवेंतूनच घेतलेला असल्यामुळें परत गेला तरी हिशेब फिटतो. कोळशाच्या धुराचें तसें नव्हे. तो कर्ब कोट्यवधि वर्षें भूगर्भांत होता. त्याच्या योगानें हवेंतील प्रमाण दशलक्षांत २८० वरून ४२० च्या वर गेलें आहे.

या धुराचें रसायन केलें म्हणजे आपण दोषमुक्त झालों काय? आमच्या मतें, नाहीं. हा वायु म्हणजे जळून गेलेल्या कर्बाची राखच. राखेचें पुन्हां सरपण करावयाचें तर जळतांना मिळालेली शक्ति तरी परत द्यावी लागते, आणि व्यवहारांत त्याहून पुष्कळच अधिक. ती शक्ति कोळशाचीच असेल तर सारा खटाटोप व्यर्थ! ती कोयनेच्या पाण्याची किंवा वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्यांची असेल तर गोष्ट वेगळी. मात्र कोयनेच्या विजेसाठीं ज्यांचीं गांवें बुडालीं त्यांचें देणें त्या हिशेबांत धरावें लागेल.

दुसरें असें कीं, केलेला पदार्थ टिकतो किती? युरिया अमोनिया व याच वायूपासून होतो. शेतकरी तो सरींत टाकतो, मातींतले जंतु त्याचें विघटन करतात, आणि थोड्याच दिवसांत वायु पुन्हां हवेंत. मेथॅनॉल जाळलें कीं तेंच. सोसायटीच्या कर्जाचें नवेंजुनें करणाऱ्यास आपण कर्जमुक्त म्हणत नाहीं. व्याज मात्र वांचतें, कारण तितकें नवें खनिज तेल जाळावें लागत नाहीं. हा लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु त्याच्या भरंवशावर जो भट्टी वाढवितो, तो ज्यांच्या नांवानें कर्ज काढतो ते अद्याप जन्मासहि आलेले नाहींत. उद्यां एखाद्या कारखान्याच्या वार्षिक सभेपुढें असा प्रकल्प आला, तर सभासदांनीं वीज कोठली आणि माल कोठें जाणार, हें नफ्याच्या आंकड्याआधीं विचारावें.