पंख कोणते आणि घास कोणता?



देवळाची पायरी चढल्यावर मनातली विवंचना गाऱ्हाण्याच्या रूपाने देवापुढे ठेवावी, ही आपल्या गोमंतकातील फार जुनी रीत आहे. पाऊस वेळेवर पडावा, मुलीचे लग्न जुळावे, अंथरुणास खिळलेल्या माणसास उतार पडावा, अशी गाऱ्हाणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अलीकडे मात्र एक नव्या तऱ्हेचे गाऱ्हाणे वरचेवर कानी पडते. “घरात पैशाची फार ओढाताण आहे. दारातली मोटारसायकल विकावी की ठेवावी, याचा कौल देवाने द्यावा.”

हा प्रश्न ऐकून कोणी हसेल. ब्रह्म आणि माया यांचा विचार जेथे व्हावयाचा, तेथे दोन चाकांच्या यंत्राची चर्चा कशास, असेही कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरात महिन्याचा हप्ता थकला आहे, दुकानदाराची उधारी वाढली आहे, आणि मुलाच्या शाळेची फी भरावयाची राहिली आहे, त्या घरातील कर्त्या माणसास रात्री झोप येत नाही. ज्यास झोप नाही त्याचे नामस्मरणातही चित्त लागत नाही. प्रपंचातील अशा गाठी सुटल्यावाचून परमार्थाची वाट मोकळी होत नाही, हे जाणूनच समर्थांनी दासबोधात संसारी माणसास सावधपणाचा इतका उपदेश केला आहे.

आपल्या प्रदेशाने असे दिवस पाहिले आहेत. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लोहखनिजाचे उत्खनन थांबले; 2018 च्या मार्चमध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यामुळे ते पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत कर्ज काढून घेतलेले ट्रक दाराशी उभे राहिले, आणि ट्रकच्या मागोमाग गॅरेजवाला, खानावळवाला, चाकांची पंक्चर काढणारा, असे सगळेच बसून राहिले. पुढे 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी आली आणि पाहुण्यांवर पोट असलेली किनाऱ्यावरची घरे एका दिवसात निराधार झाली. त्या काळात कित्येक घरांतून प्रथम सोने बाहेर गेले, आणि सोन्यानंतर दारातल्या वाहनाकडे दृष्टी वळली. संकट प्रत्येक वेळी साऱ्या प्रदेशावर येते असे नाही. कधी ते एकाच घरावर येते, आणि तेव्हा ते अधिक एकाकी असते.

आता कौलाविषयी दोन शब्द. देवाच्या अंगावर पाकळ्या लावाव्यात आणि उजवी पडते की डावी, यावरून इच्छा जाणून घ्यावी, या परंपरेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु जो हिशेब आपल्या वहीत लिहिता येतो, तो देवाकडून करवून घेणे ही भक्ती नव्हे, आळस आहे. देवाने आपणांस बुद्धी दिली ती वापरावयासाठीच. प्रथम वही उघडावी, मग हात जोडावेत, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

वही उघडल्यावर काय पाहावे, हे सांगण्यासाठी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताची कथा आठवावी. याच स्कंधावर नाथमहाराजांनी आपले एकनाथी भागवत लिहिले. अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत कुरर नावाचा एक पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो पाहून दुसरे बलवान पक्षी त्याच्या मागे लागले आणि त्यास टोचू लागले. त्याने तो घास टाकून दिला, तेव्हा कोठे त्यास सुख लाभले.

या कथेवरून सर्व काही टाकून द्यावे, असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. तो अर्थ संन्याशास शोभतो. संसारी माणसाने मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. त्या पक्ष्याने टाकला तो घास. पंख टाकले नाहीत. पंख टाकले असते तर तो सुखी झाला नसता, खाली पडला असता. तेव्हा आपल्या प्रश्नाचे खरे रूप हे आहे : दारातली ही मोटारसायकल आपल्या घराचे पंख आहे, की सर्व जण टोचत आहेत तरी चोचीतून न सुटणारा घास?

पंख कोणते, ते ओळखणे अवघड नाही. आपल्या रस्त्यांवर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे पायलट सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या घरची चूल त्या गाडीवर पेटते. वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळीस जाणारा मुलगा घ्या. ज्या वेळी तो कामावरून सुटतो त्या वेळी त्याच्या गावास बस नाही. पहाटे घरोघर पाव पोचवणारा पोदेर घ्या. यांनी गाडी विकली तर या महिन्याचे देणे फिटेल, परंतु पुढच्या महिन्याची मिळकतच बुडेल. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेही कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे जप्तीतून वगळली आहेत. गहाण टाकलेल्या वाहनाची गोष्ट वेगळी. परंतु धनकोनेदेखील ऋणकोचे पंख कापू नयेत, हे तत्त्व कायद्याने मानले आहे. मग आपणच आपल्या हाताने ते का कापावेत? अशा घराने गाडी राखावी आणि काटकसर दुसरीकडे शोधावी. देवकार्याची वर्गणी मागे राहिली किंवा चतुर्थीची माटोळी यंदा लहान बांधावी लागली, म्हणून कोणी आपले आयुध विकू नये. पान, फूल व पाणी यांवर संतुष्ट होणारा देव आहे, असे भगवंतांनी गीतेत स्वमुखे सांगितले आहे.

आता घास कोणता, ते पाहू. घरात एक स्कूटर असताना हौसेने घेतलेली दुसरी भारी गाडी, जी आठवड्यातून एकदा बाहेर निघते, पण जिचा हप्ता, विमा, पेट्रोल व दुरुस्ती महिन्याच्या महिन्याला दार ठोठावते, ती घास होय. येथे साधे गणित करावे. समजा, अशी गाडी आज 50,000 रुपयांस जाते. आणि ती न विकता तेवढीच रक्कम आपण सावकाराकडून दरमहा शेकडा 3 रुपये व्याजाने उचलली. महिन्याचे व्याज 1,500 रुपये, वर्षाचे 18,000. वर्षअखेर मुद्दल जसेच्या तसे उभे, आणि गाडीची किंमत मात्र एका वर्षाने उतरलेली. म्हणजे ती गाडी दारात उभी ठेवण्याचे भाडेच आपण सावकारास दिले! असा घास जितका उशिरा टाकावा तितक्या चोची अधिक बसतात.

येथे मनात तीन शंका उभ्या राहतात. पहिली अशी की, दसऱ्यास जिला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावले, ती गाडी विकणे म्हणजे घरातील लक्ष्मी बाहेर घालवणे नव्हे काय? आमचे उत्तर असे की, खंडेनवमीस व दसऱ्यास आपण पूजा करतो ती त्या साधनातून होणाऱ्या कर्माची. शेतकरी नांगर पुजतो आणि नांगर झिजला की दुसरा घडवतो. त्यामुळे लक्ष्मी रागावल्याचे कोणी ऐकले नाही. ऋण फेडण्यासाठी सचोटीने विकलेली वस्तू लक्ष्मीस बाहेर घालवीत नाही. व्याजाच्या वाटेने ती रोज बाहेर जात असते, तिला ती विक्री थांबवते.

दुसरी शंका लोकलज्जेची. काल फटफट करीत देवळात येणारा मनुष्य उद्या बसच्या रांगेत उभा दिसला, तर चार माणसे काय म्हणतील? चार माणसे चार दिवस बोलतील आणि पाचव्या दिवशी त्यांस दुसरा विषय मिळेल. हप्ता मात्र त्या चार माणसांपैकी कोणी भरणार नाही.

तिसरी शंका खरोखर नाजूक आहे. काही घरांत ती गाडी दिवंगत वडिलांनी कष्टाने घेतलेली असते. तिच्या आवाजावरून आईने त्यांचे घरी येणे ओळखलेले असते. अशा वस्तूस बाजारभाव लावताना मुलाचा हात थरथरला, तर ती दुर्बलता नव्हे. अशा घराने घाई करू नये. आईशी बोलावे. बहुधा आईच सांगेल की, त्यांनी गाडी घेतली ती घर चालावे म्हणून. घर चालण्यासाठी ती गेली तर त्यांचा हेतूच पुढे चालला. आई तसे म्हणाली नाही, तर आणखी एक महिना दुसरा मार्ग शोधावा. माणसाच्या मनाचाही हिशेब त्याच वहीत धरावयाचा असतो.

म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, हा निर्णय कर्त्या पुरुषाने एकट्याने, लपूनछपून घेऊ नये. देणे किती आहे, हे पत्नीपासून चोरून ठेवणारा गृहस्थ संकट दुप्पट करतो. तिन्हीसांजेस देवापुढे दिवा लागल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. येणे, देणे, गाडीवरचा खर्च आणि गाडीपासून होणारी मिळकत, हे चार आकडे सर्वांपुढे मांडावेत. मुले मोठी असतील तर त्यांसही बसवावे. आपल्या वडिलांनी संकट कसे तोलले, हे पाहिलेली मुले पुढे कर्ज काढताना विचार करतात.

विकावयाचे ठरले, तर विक्रीही धर्माने करावी. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटी केली इतके त्याचे तप, आणि त्या तपाचा त्यास अभिमान. त्यास धर्म शिकावयासाठी जावे लागले ते वाराणसीच्या तुलाधार नावाच्या व्यापाऱ्याकडे, ज्याचा तराजू सर्वांस सारखा होता. आपणही गाडीतला दोष झाकू नये. इंजिन तेल खात असेल तर सांगावे. अपघात झालेला असेल तर सांगावा. बँकेचा बोजा असेल तर प्रथम तो उतरवून घ्यावा. आणि पैसे हाती आले म्हणजे व्यवहार संपला, असे समजू नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यात नोंदलेल्या वाहनाचे हस्तांतर विकणाऱ्याने 14 दिवसांत वाहतूक कार्यालयास कळवावयाचे असते. नोंदणीत ज्याचे नाव राहते त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. एक ऋण फेडताना दुसरे अदृश्य ऋण मागे ठेवू नये.

शेवटचे सांगणे ज्यांस देवाने सुस्थितीत ठेवले आहे त्यांस. अडलेल्या माणसाची गाडी विकावयास निघाली, हे कळताच तिचा भाव पाडून मागणारे हात आपल्याच ओळखीचे असतात. तुकोबारायांनी वडिलोपार्जित सावकारीच्या खतांतील आपला अर्धा वाटा इंद्रायणीत बुडवला आणि उरलेला अर्धा भाऊ कान्होबा यांच्या स्वाधीन केला, अशी परंपरेने आलेली कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. तेवढे आपल्याच्याने होणार नाही. परंतु बाजारात जी रास्त किंमत आहे ती द्यावी, हातउसने दिलेल्या पैशांचा तगादा दोन महिने थांबवावा, कामावर जाणाऱ्या शेजारच्या मुलास आपल्या गाडीवर मागे बसवून न्यावे, इतके तर होईल? सभामंडपात शेजारी शेजारी बसून आरती म्हणणाऱ्यांनी एकमेकांसाठी एवढेही केले नाही, तर ते शेजार कशाचे?

असो. विचार पूर्ण झाला, घरात एकमत झाले, की मग अवश्य देवळात यावे आणि गाऱ्हाणे घालावे. तेव्हा ‘विकू की ठेवू’ असे विचारावे लागणार नाही. जे ठरले ते निभावून नेण्याचे बळ मागावे. पंख राखण्याचे धैर्य आणि घास सोडण्याची बुद्धी श्रीदेव आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

शुभं भवतु.