न्याय आणि न्यायाची रीत

दिवाळी सरली की पिंपळवंडीच्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावच्या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बिबट्याच्या धास्तीतही ही माणसे पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढल्याची बातमी आली, त्या दिवसांत आम्ही अशाच एका टोळीला भेटावयास गेलो होतो. टोळीत दोन घरे आपल्या विश्वासाची होती. वाढ्यांच्या पेंढ्या बांधता बांधता एक भगिनी म्हणाली, "वाढ झाली, चांगलं झालं. पर फादर, आमाला कुनी इचारलं न्हाई."

तिचे हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. मोबदला वाढला असताना विचारले न जाण्याचे दुःख कशासाठी? निकाल हिताचा असेल, तर तो कोणत्या रीतीने झाला याला महत्त्व द्यावे काय?

ऊसतोडणीचे दर ठरविण्यासाठी महाराष्ट्रात लवादाची प्रथा आहे. पूर्वी शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांच्या शब्दावर संप मिटत. २०१४ मध्ये मुंडे यांचे निधन झाल्यावर त्यांच्या बाजूची जबाबदारी पंकजा मुंडे यांच्याकडे आली. २०२० मध्ये १४ टक्के वाढ झाली, पुढे ३४ टक्के झाली. या प्रथेने अनेक संप मिटविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु साखर संघाचे प्रतिनिधी आणि संघटनांचे पुढारी यांच्यातील ही मुख्यतः वाटाघाट असते. न्यायासनासमोर व्हावी तशी सुनावणी नसते. शिवाय फडात पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल मुकादमाच्या वहीत बहुधा पतीच्या नावावर असते. मग अर्धा कोयता असलेल्या त्या स्त्रीचे म्हणणे कोणी, कोठे मांडावे?

कोणी म्हणेल, लाखो मजुरांना एकेक करून विचारत बसले तर हंगाम संपेल आणि चुली विझतील. हा आक्षेप खोटा नाही. प्रतिनिधीवाचून गत्यंतर नाही. परंतु जाण्यापूर्वी ज्याने विचारले आणि परतल्यावर ज्याने सांगितले, तोच खरा प्रतिनिधी.

उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बागेचा प्रसंग आठवावा. परमेश्वर सर्वज्ञ आहे. आदामाने काय केले हे त्याला ठाऊक होते. तरी शिक्षा सांगण्यापूर्वी त्याने आदामाला हाक मारली, प्रश्न विचारला, हव्वेलाही विचारले. इंग्लंडमध्ये डॉ. बेंटली यांच्या पदव्या केंब्रिज विद्यापीठाने त्यांचे न ऐकता काढून घेतल्या होत्या, त्या खटल्यात १७२३ साली एका न्यायाधीशाने याच प्रसंगाचा दाखला दिला होता. आपल्या धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील ५० वे कलमही सांगते की, ज्यांच्या हक्कांना बाध येऊ शकेल त्यांचे म्हणणे अधिकाऱ्याने निर्णयाआधी शक्य तोवर ऐकून घ्यावे. भारताच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली स्वेच्छा-लवादाचे कलम आले. करारावर ज्यांची सही नाही, पण ज्यांचा विवादाशी संबंध आहे, अशांनाही लवादापुढे आपली बाजू मांडण्याची संधी देण्याची तरतूद त्यात पुढे करण्यात आली.

लवादाचा पाया संमती हा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात बजावले की, गरजेपोटी अथवा भीतीपोटी कामगार कठोर अटी मान्य करतो, तेव्हा तो अन्यायाचा बळी असतो. उचलीच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाचे मौन म्हणजे संमती नव्हे.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना आम्ही एका सेवकाला तक्रारीवरून कामावरून कमी केले. तक्रार खरी होती. ते पुढे सिद्धही झाले. जाताना तो एवढेच म्हणाला, "फादर, एकदा विचारायचं तरी." निर्णय योग्य होता आणि तरीही आम्ही त्याच्यावर अन्याय केला होता, हे उमजावयास आम्हांस फार काळ लागला. आम्ही त्याचे काम काढून घेतलेच. परंतु त्याहून मोठे असे काही, म्हणजे उत्तर देण्याचा त्याचा मान, तोही काढून घेतला. न विचारता दिलेली शिक्षा माणसाला वस्तू बनविते, आणि न विचारता दिलेली वाढ त्याला याचक बनविते. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसाला ही दोन्ही स्थाने शोभत नाहीत.

म्हणून लवाद बसेल तेव्हा त्याने कोणत्याही पक्षाशी हितसंबंध नसलेली माणसे नेमावी, कोप्यांतील स्त्रियांचे म्हणणे त्यांच्या तोंडून ऐकावे, आणि निकालाची कारणे मजुरांना समजतील अशा भाषेत लिहून द्यावी. ही मागणी ३४ टक्क्यांपेक्षा लहान नाही.

पण ती करण्यापूर्वी आपल्या उंबऱ्याआतही पाहू या. घरकाम करणारी बाई, शेतावरचा गडी, आपलीच मुले, यांच्याविषयी आपण किती निर्णय त्यांना न विचारता घेतो! निकदेमाने महासभेत, ऐकल्यावाचून दोषी कसे ठरवावे, हे विचारण्याचे धैर्य दाखविले. तो प्रश्न या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरात एकदा तरी स्वतःला विचारावा.