उपकार फेडावे की स्मरावे?

परवा एका गावी कीर्तन आटोपून आम्ही टाळ खाली ठेवतो न ठेवतो, तोच एक तरुण पाया पडून म्हणाला, "महाराज, पुण्याला नोकरी लागली. उद्या घर सोडतोय. आईबापाचे, सोबत्यांचे उपकार डोक्यावर आहेत. ते कसे फेडायचे, तेवढं सांगा."

प्रश्न सरळ, उत्तर मात्र अवघड. कारण उपकार हे कर्ज आहे आणि ते फिटते, असे त्या प्रश्नात आधीच धरले आहे. ते तसे आहे काय, याचा सज्जनहो, थोडा विचार करू.

शास्त्रात ऋणाची भाषा आहे, हे खरे. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. ब्रह्मचर्याने, यज्ञाने आणि प्रजेने त्यांतून मोकळे व्हावे, असे म्हटले आहे. पण मनुस्मृती असेही सांगते, की अपत्यासाठी आईबापांनी सोसलेले क्लेश शंभर वर्षांतही फिटत नाहीत. म्हणजे फेडीत राहावे, पण फिटायचे नाही! मग करावे काय?

येथे आमचीच एक चूक सांगतो. आम्ही सतराव्या वर्षी पाठशाळेत शिकायला घर सोडले. थोरल्या भावाने आपली शाळा सोडून औत धरले, म्हणून ते जमले. गावचा एक सोबती आमची ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत दोन कोस चालला, आणि गाडी सुटताना त्याने खांद्यावरची घोंगडी खिडकीतून आत टाकली. पुढे कीर्तने होऊ लागली. पहिली बरी बिदागी हाती आली, तशी पाकिटात घालून आम्ही भावापुढे ठेवली आणि म्हणालो, "दादा, आता तुझं माझ्याकडे काही राहिलं नाही."

दादाने पाकिटाला हात लावला नाही. तो उठून गोठ्यात वैरण टाकायला गेला. आई म्हणाली, "अरे, त्याला पैसे कुठं हवे होते? दोन वर्षांत एकदा तरी त्याच्याजवळ बसलास का?"

मनूचे श्लोक आम्हांला पाठ होते, पण आईला द्यायला उत्तर नव्हते. त्या दिवशी कळले, की आम्हांला उपकार मानायचे नव्हते, त्यातून सुटायचे होते.

भागवताच्या दशम स्कंधात पाहा. सुदामा द्वारकेला आला, तेव्हा भगवंतांनी त्याचे पाय धुतले, त्याला जवळ बसविले आणि सांदीपनींच्या घरची आठवण काढली. गुरुपत्नीने लाकडे आणायला पाठविले होते, रानात वादळ-पाऊस आला, रात्रभर दोघे एकमेकांचा हात धरून हिंडले, ती गोष्ट राजा झालेल्या मित्राने आपण होऊन काढली. द्यायचे ते पाठीमागून, न बोलता दिले. आधी स्मरण, मग दान. आमचा क्रम नेमका उलटा झाला होता.

आणि जे फिटत नाही, त्याचे पुढे काय होते? ज्ञानेश्वर माउलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, नेवाशाला गीतेवरची टीका पुरी केली. आईबापांचे छत्र हरपलेली ती भावंडे. वय कोवळे, गुरू म्हणजे वडील बंधू निवृत्तिनाथ. सारे श्रेय माउलींनी त्यांना दिले, पण शेवटी मागणे मागितले ते साऱ्या जगासाठी. घेतले ते भावाकडून आणि वाटले ते सर्वांना. उपकार असा पुढे वाहतो.

कोणी म्हणेल, "मग जगाची सेवा करतो, घर राहू द्या." तसे नव्हे. दारी आलेल्या देवाला पुंडलिकाने विटेवर थांबविले, पण आईबापांचे पाय सोडले नाहीत. जवळचे आधी.

कृतज्ञता म्हणजे आंधळी मान डोलावणेही नव्हे. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदातले आचार्य माता, पिता, गुरू यांना देव मानायला सांगतात. आणि लगेच म्हणतात, आमचे जे चांगले असेल तेवढेच घे, इतर नको. थोरांचा मान ठेवूनही विवेक राखता येतो.

त्या तरुणाला आम्ही म्हटले, "बाळा, पहिल्या पगारातून घरी जरूर पाठव. पण पैसे हल्ली फोनवरून क्षणात पोचतात. तू पोचायला हवास. वारीच्या निमित्ताने ये, सणावाराला ये. आईजवळ बस. सोबत्याला म्हण, 'तू होतास म्हणून निभलं.' हे बोलायला उशीर लावू नकोस."

उशीर कसा होतो, ते आम्ही जाणतो. दादा आता थकला आहे. गावी गेलो की आम्ही आधी त्याच्यापाशी गोठ्यात जाऊन बसतो. पण घोंगडी देणारा तो सोबती राहिला नाही. त्याला जे सांगायचे, ते सांगायचे राहूनच गेले. दरसाल पाठशाळेत नव्या आलेल्या एका पोराला आम्ही घोंगडी देतो. त्याने काही फिटत नाही, हे ठाऊक आहे. पण पोर ती खांद्यावर टाकते, तेव्हा तो एस.टी.चा थांबा डोळ्यांपुढे उभा राहतो.

असो. राम कृष्ण हरि.